मोडलेले हाड आणि बधिर केलेली नस

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता सिल्लोड ओलांडून अजिंठा गावात येतो आणि पुढे घाट उतरून फर्दापूरला पोचतो. देशोदेशीचे प्रवासी याच रस्त्याने लेणी पाहावयास जातात. परिसरातील गंभीर जखमी मात्र याच रस्त्याने उलट दिशेने, शहराकडे, नेले जातात. दुचाकीवरून कोसळलेला तरुण, बैलाच्या धडकेने आडवा झालेला शेतकरी, झाडावरून पडलेले शाळकरी मूल, ओल्या अंगणात पाय घसरलेली वृद्धा अशा अनेकांच्या वाट्याला हा प्रवास येतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मराठवाड्यात 'घाटी' या नावानेच ओळखले जाते. अजिंठा गावापासून ते सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. मोडलेल्या मांडीच्या हाडासह हे अंतर कापणाऱ्या रुग्णाला रस्त्यातील प्रत्येक हादरा जाणवतो.

ही वेदना शमविण्यासाठी अलीकडच्या काळात रुग्णालयांतून एक उपाय अधिकाधिक प्रमाणात योजिला जात आहे. संपूर्ण भूल न देता, केवळ जखमी हाताकडे अथवा पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या शेजारी औषध टोचून तेवढाच भाग काही तासांपुरता बधिर करावयाचा, असा हा उपाय आहे. वैद्यकीय भाषेत त्यास नर्व्ह ब्लॉक म्हणतात. सामान्य लोक 'नस बधिर केली' असे म्हणतात. नस बधिर केली तर हाड नीट जुळेल काय, ही शंका त्यापाठोपाठ येते. तिला अडाणीपणाची शंका म्हणून कोणी हसू नये. हाच प्रश्न गेली काही वर्षे जगातील नामांकित प्रयोगशाळांत विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

मज्जातंतू हे शरीराचे संदेशवाहक होत. त्यांच्या आवरणात सोडियमच्या अतिसूक्ष्म वाटा असतात. या वाटा क्रमाक्रमाने उघडत जातात आणि त्यांतून विद्युत्‌संदेश पुढे सरकतो. बधिर करणारी औषधे या वाटाच तात्पुरत्या बंद करतात. हाड मोडलेलेच असते, परंतु त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोचत नाही. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाने मज्जातंतूंजवळ कोकेन टोचण्याचे प्रयोग आरंभिले. त्या प्रयोगांत तो स्वतःच कोकेनच्या आहारी गेला, हा या शास्त्राच्या इतिहासातील एक विषादकारक भाग आहे. पुढे निर्धोक औषधे निघाली. स्वीडनमध्ये १९४३ साली लिडोकेन आणि १९५७ साली ब्युपिव्हकेन तयार झाले. ही दोन्ही आजही वापरात आहेत. पहिल्याचा परिणाम साधारणतः एक-दोन तास राहतो, तर दुसऱ्याचा अनेक तास, कधी कधी रात्र उलटेपर्यंत. अधिक काळ आराम हवा असल्यास बारीक नळी बसवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येते. पूर्वी नस अंदाजाने शोधावी लागे. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर ती पाहून सुई पुढे नेता येते.

हाड कसे सांधते?

हाड म्हणजे शरीरातील निर्जीव खांब, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः हाड ही सजीव, रक्ताने पोसलेली ऊती आहे आणि त्वचेप्रमाणे तिला स्वतःची दुरुस्ती करता येते. किंबहुना त्वचेवर वण राहतो, हाड मात्र अनुकूल स्थितीत मूळच्या घडणीसारखे होऊ शकते. हाड मोडताच तेथे रक्त साकळते. पहिल्या काही दिवसांत तेथे दाह होतो, सूज येते आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी गोळा होतात. पुढील आठवड्यांत तुटलेल्या टोकांभोवती प्रथम कूर्चेचा मऊ सांधा व नंतर अस्थीचा कठीण सांधा तयार होतो. त्यानंतर अनेक महिने त्याला आकार देण्याचे काम चालते. हाताचे हाड साधारणतः सहा आठवड्यांत जुळते. नडगीला तीन-चार महिने लागू शकतात.

या साऱ्या कामात मज्जातंतूंचा संबंध कोठे येतो? हाडावर पर्यस्थी नावाचे पातळ आवरण असते आणि त्यात वेदनावाहक तंतूंचे दाट जाळे पसरलेले असते. मोडलेले हाड एवढे दुखते ते याच जाळ्यामुळे. दीर्घकाळ असे मानले जात होते, की या तंतूंचे काम धोक्याची सूचना देण्यापुरतेच आहे. आता असे दिसून आले आहे, की त्यांच्या टोकांतून काही रासायनिक द्रव्येही पाझरतात. ती रक्तवाहिन्यांना रुंदावतात व अस्थी घडविणाऱ्या पेशींना चेतवतात. त्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य सीजीआरपी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. हाँगकाँगमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांच्या मोडलेल्या हाडात मॅग्नेशियम असलेली सळई बसविली असता हाड लवकर भरून आले. या लाभाचे कारण शोधता असे आढळले, की मॅग्नेशियममुळे मज्जातंतूंतून हे द्रव्य अधिक पाझरत होते. धातूचा परिणाम नसेच्या वाटेने हाडापर्यंत पोचत होता!

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये याहून नेमका पुरावा पुढे आणला. हाडाला इजा होताच तेथे मज्जातंतूंची वाढ करणारे एक प्रथिन निर्माण होते आणि त्याच्या आवाहनानुसार नवे वेदनावाहक तंतू भंगाच्या जागी वाढत येतात. संशोधकांनी उंदरांमध्ये हे प्रथिन ओळखणारी यंत्रणाच निकामी करून पाहिली. नवे तंतू तेथे फारसे आले नाहीत. त्यांच्यापाठोपाठ येणाऱ्या रक्तवाहिन्याही कमी पडल्या आणि हाड कठीण होण्यास विलंब लागला. जे तंतू वेदना देतात तेच दुरुस्तीच्या कामगारांना वाट दाखवितात, असा याचा अर्थ होतो.

याच प्रथिनाची एक कहाणी मनुष्यांतही घडली. सांधेदुखी थांबविण्यासाठी त्याला निष्प्रभ करणारे टॅनेझुमॅब नावाचे औषध तयार करण्यात आले. वेदना कमी झाल्या, परंतु काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजून नष्ट होऊ लागल्याने २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने चाचण्या रोखल्या. त्या पुढे पुन्हा सुरू झाल्या खऱ्या, पण मार्च २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीने १९ विरुद्ध १ अशा मतांनी प्रतिकूल कौल दिला आणि औषधाचा मार्ग खुंटला. हे औषध नर्व्ह ब्लॉकच्या जातीचे नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. त्याचा परिणाम काही तासांचा नसून आठवड्यांचा होता.

महाराष्ट्राचा जुना अनुभव

मज्जातंतू कायमचे गेले तर हाडांचे काय होते, हे जाणून घेण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी प्रयोगशाळांकडे पाहण्याची आवश्यकता नाही. कुष्ठरोगाने हे दुःख या राज्याला पिढ्यान्‌पिढ्या दाखविले आहे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत शिरतात. हातापायांची संवेदना जाते. बोटे झडणे हा रोगाचा थेट परिणाम आहे, असे लोक समजत आले. परंतु बोटे झडत नाहीत, ती हळूहळू झिजतात. संवेदनाहीन पायाला काटा टोचल्याचे कळत नाही, जखम चिघळते, जंतू हाडापर्यंत पोचतात. पावलातील लहानशी हाडे मोडली तरी मनुष्य त्यावर चालतच राहतो आणि अखेर पावलाचा आकारच मोडून जातो. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, वर्ध्याजवळच्या दत्तपुरात, अमरावतीच्या तपोवनात ज्यांनी रुग्णांची सेवा केली त्यांनी अशी पावले जवळून पाहिली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विकृत हातापायांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. एवढ्यावर न थांबता, या रोगात मज्जातंतूंना इजा कशी होते याच्या संशोधनासाठी त्यांनी आयुष्यातील मोठा काळ दिला. मधुमेहातही दीर्घकाळानंतर पायांची संवेदना जाते आणि पावलाची हाडे अशीच ढासळू शकतात. फ्रान्समधील शार्को याने अशा सांध्यांचे वर्णन १८६८ मध्येच केले होते; त्यांना आजही त्याच्याच नावाने ओळखतात. मधुमेह आता खेड्यांतही पसरत असल्याने हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

या अनुभवातून घाईने निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. कुष्ठरोगात वा मधुमेहात हाड बिघडते त्यात संवेदना गेल्याने वारंवार होणाऱ्या इजेचा वाटा फार मोठा असतो. त्यात नसेतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या अभावाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवाय निसर्ग येथे एक कोडेही घालतो. अस्थिभंगाबरोबर मेंदूलाही जबर इजा झालेल्या रुग्णांत मोडलेल्या जागी नवी अस्थी कमी नव्हे, तर उलट भरपूर तयार होते, असे अस्थितज्ज्ञांना फार पूर्वीपासून आढळत आले आहे. तेव्हा 'नस गेली की हाड जुळत नाही' असा सरळ नियम मांडता येत नाही.

काही तासांचे बधिरीकरण

मुख्य प्रश्न असा, की काही तासांच्या नर्व्ह ब्लॉकने मनुष्याचे हाड जुळण्यास विलंब होतो काय? विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. पहिले दिवस हे दुरुस्तीच्या आरंभाचे दिवस असतात आणि त्याच वेळी मज्जातंतू गप्प केले तर त्यांतून पाझरणारी द्रव्ये कमी पडतील, ही शंका शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे. बधिर करणारी औषधे पेशींना अपायही करू शकतात. खांद्याच्या सांध्यात पंपाद्वारे हे औषध दिवसचे दिवस सोडल्याने कूर्चा नष्ट झाल्याची उदाहरणे घडली आणि २००९ मध्ये अमेरिकेत त्याविषयी अधिकृत इशारा देण्यात आला. पण तेथे औषध प्रत्यक्ष सांध्यात सोडले जात होते. नर्व्ह ब्लॉकमध्ये सुई बहुधा भंगाच्या जागेपासून दूर, काखेत, गळपट्टीच्या हाडाजवळ किंवा जांघेत असते.

दुसरी बाजू अशी, की अनिर्बंध वेदना हीदेखील शरीराला अपाय करते. तिच्यामुळे हृदयावरील ताण वाढतो, झोप उडते, श्वास उथळ होतो आणि रुग्ण हालचाल टाळतो. नर्व्ह ब्लॉकने केवळ वेदनेचे तंतू नव्हे, तर रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतूही सैल पडतात. म्हणूनच बधिर केलेला हात किंवा पाय उबदार लागतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना याचा लाभ विशेष होतो. जांघेजवळ एक इंजेक्शन दिल्याने अफूवर्गीय औषधांची गरज घटते आणि त्या औषधांमुळे येणारी गुंगी व श्वासाची मंदता टळते. प्राण्यांवरील प्रयोगांत मज्जातंतू कापून टाकलेले असतात किंवा त्यांची यंत्रणा दीर्घकाळ बंद केलेली असते. रुग्णाची नस सायंकाळी बधिर झाली तर बहुधा सकाळपर्यंत पुन्हा जागी होते. सहा आठवडे चालणाऱ्या कामात एका रात्रीची सुटी कितीशी महत्त्वाची? आजवर उपलब्ध असलेल्या माहितीवरून एकवेळच्या नर्व्ह ब्लॉकने मनुष्याचे हाड जुळत नाही असे सिद्ध झालेले नाही, आणि या भीतीपोटी इंजेक्शन नाकारण्यास आधार नाही. अनेक दिवस चालणाऱ्या नळीविषयी मात्र संशोधकांचे कुतूहल अजून शमलेले नाही, आणि ते योग्यच आहे.

हाड न जुळण्याची जी कारणे निश्चितपणे ठाऊक आहेत, ती या शंकेपेक्षा कितीतरी बलवान आहेत. विडी-सिगारेटचे व्यसन, अनियंत्रित मधुमेह, निकृष्ट आहार, जखमेतील जंतुसंसर्ग आणि तुटलेली टोके स्थिर न ठेवणे ही ती कारणे होत. नर्व्ह ब्लॉकची भीती बाळगणारा रुग्ण प्लास्टर चढवून घरी परतताच विडी पेटवितो, हे दृश्य नवे नाही.

खरा धोका कोठे आहे?

नर्व्ह ब्लॉकमुळे ग्रामीण रुग्णाला संभवणारा सर्वांत मोठा धोका हाडाचा नसून स्नायूंचा आहे, आणि त्याची माहिती फारच थोड्यांना असते. हातापायांचे स्नायू चिवट आवरणांच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. हाड मोडल्यावर आत सूज वाढते. त्यातच वरून प्लास्टर वा पट्टी आवळली गेली, तर कप्प्यातील दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो. सुमारे सहा तासांत स्नायू व मज्जातंतू कायमचे मरू लागतात. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांत हा प्रकार विशेष पाहावयास मिळतो. मुलाचा हात पुढे आयुष्यभर आखडून राहतो. जर्मनीतील फोल्कमान याने १८८१ मध्ये त्याचे वर्णन केले. या संकटाची पहिली व सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे असह्य वेदना. बोटे हलकेच सरळ केली तरी रुग्ण किंचाळतो. हात बधिर असेल तर नेमकी हीच खूण झाकली जाऊ शकते.

सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा प्रकार सांगितले असून त्यावर झाडांच्या साली बांधण्याची पद्धती दिली आहे. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक होतो, म्हणून तो मध्यम असावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. बांबूच्या कामट्या करकचून बांधणाऱ्या काही हाडवैद्यांनी या प्राचीन उपदेशाचे विस्मरण होऊ दिले, असे खेदाने म्हणावे लागते. कित्येक हाडवैद्यांच्या हाताला उत्तम गुण असतो यात शंका नाही; परंतु बोटे निळी पडल्यावर 'दुखणारच, आठ दिवस सोडू नका' असा सल्ला देणारा मनुष्य रुग्णाचा हात धोक्यात घालतो.

म्हणून बधिर केलेल्या अवयवासह घरी परतलेल्या रुग्णाकडे पहिल्या दिवशी व रात्री घरातील कोणीतरी लक्ष दिले पाहिजे. बोटांची टोके गुलाबी व ऊबदार आहेत ना, नख दाबून सोडल्यावर रंग लगेच परततो ना, सूज वाढून पट्टी रुतत नाही ना, एवढे पाहण्यास वैद्यकीय शिक्षण लागत नाही. हात वा पाय उशीवर उंच ठेवावा. बधिर हात चुलीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवू नये. भाजल्याचे कळणार नाही. बधिर पायावर भार देऊन उठू नये. इंजेक्शनचा अंमल उतरताना वेदना एकदम उसळते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती उसळण्यापूर्वीच घ्याव्यात. एक-दोन गोळ्यांनीही वेदना आवरत नसेल, बोटे फिकट वा गार पडत असतील, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतरही बधिरपणा ओसरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे.

रुग्णालयानेही घरी पाठविताना कागदावर दोन गोष्टी ठळकपणे, आणि मराठीत, लिहावयास हव्यात: इंजेक्शन किती वाजता दिले आणि अंमल साधारण किती वाजता उतरेल. अजिंठ्याजवळच्या एखाद्या वाडीत रात्री अकरा वाजता मुलाची बोटे पाहणाऱ्या आईला या दोन वेळा ठाऊक असल्या, तर हा बधिरपणा औषधाचा आहे की संकटाचा, याचा तिला अंदाज करता येईल.

शाळेत मूल पडले आणि कोपर वाकडे दिसले, तर शिक्षकांनी ते ओढून सरळ करण्याचा यत्न करू नये. लाकडी पट्टी किंवा गुंडाळलेले वर्तमानपत्र लावून हात आहे त्या स्थितीत सैलसर बांधावा, बोटे उघडी ठेवावीत आणि मुलाला काही खाऊ-पिऊ न घालता रुग्णालयात न्यावे. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. जखमीला अलगद उचलण्याचे महत्त्व या परिसराला नवे नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपी जातक चित्रित आहे. आपल्या कळपासाठी स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या त्या कपिराजाची पाठ मोडते, तेव्हा शत्रू म्हणून आलेला राजाच त्याला जपून खाली उतरवून घेतो आणि त्याची शुश्रूषा करवितो.

नर्व्ह ब्लॉक देण्याचे काम प्रशिक्षित भूलतज्ज्ञाचे आहे. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची गती बिघडू शकते. त्यावरील तातडीचे उपचार हाताशी असतील अशाच ठिकाणी ते दिले जावे. मधुमेहाने वा कुष्ठरोगाने पायाची संवेदना आधीच मंदावलेली असेल, तर रुग्णाने हे इंजेक्शनपूर्वी अवश्य सांगावे. अशा पावलाला सूज येऊन ते गरम लागू लागले आणि दुखत मात्र नसेल, तर ते मुरगळले आहे असे समजून लेप लावीत बसू नये. आत हाड मोडलेले असण्याचा संभव असतो आणि क्ष-किरण तपासणी करून घेणे इष्ट ठरते.